मूठभर कोंडा

‘कुणाचं गं बाई हे पोर, उकिरड्यावर टाकलंय?’

शेजारच्या मालुबाईचा तो आवाज. तंबाखूच्या वखारीत खोकून खोकून घोगरा झालेला, आणि त्या दिवशी मुद्दाम वर चढवलेला, गल्लीच्या या टोकापासनं त्या टोकापर्यंत ऐकू जावा म्हणून. आणि नुसता गल्लीलाच नव्हे. चुलीमागं, पाळण्याच्या दोरीत, उंबऱ्याच्या फटीत जी कुणी कान लावून बसलेली असते, तिलाही ऐकू जावा म्हणून. निपाणीतल्या त्या घराच्या दाराआड शालन उभी होती, दुधाचे दात पडायला लागलेली पोर, आणि फटीतनं बघत होती. उकिरड्याच्या कडेला सूप, सुपात कोंडा, कोंड्यावर तिचा उघडानागडा भाऊ मुठी चोखत पडलेला. आई पाठ करून उभी, आणि तिच्या पाठीला भरलेलं कापरं दाराआडूनही दिसत होतं. शालनच्या पाठची दोन पाळण्यातच गेली होती. सटवी पाचवीला येऊन लिहून जायची आणि तिचं लिहिणं बाळसं धरायच्या आत खरं व्हायचं. मग या तिसऱ्याला फेकूनच द्यायचं; फेकलेल्या केराकडं कोण बघतंय? मालुबाईनं सूप उचललं, ‘कुणाचं न्हाय तर माझंच की मग,’ म्हणाली, आणि आपल्या घरी घेऊन गेली. दिवेलागणीला आईनं मूठभर कोंडा घेऊन जायचं, तो मालुबाईच्या पदरात टाकायचा आणि आपल्याच पोटचं पोर विकत आणायचं, अशी ती रीत. शालनला हसू फुटलं होतं, तर आजीनं मांडीला चिमटा काढला होता. पुढं जे झालं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. संध्याकाळी आई गेली ती रिकाम्या हातानं, कारण पोर भुकेनं टाहो फोडत होतं. मालुबाई म्हणाली, ने गं बाई, आदी पाज त्याला, कोंडा काय उद्या दे. आणि दुसऱ्या दिवशी मोरीच्या पाण्यावरनं दोन्ही घरांत जी जुंपली, ती कुणी कुणाचा उंबरा ओलांडेना. पाळण्यातलं नाव शामू, पण हाक मारायची ती केरबा. केरबा रांगला, उभा राहिला, दाणदाण पळायला लागला. मग एकदा ताप आला तो त्याला घेऊनच गेला. त्या दिवशी मालुबाई भांडणानंतर पहिल्यांदा दारात आली, चौकटीला धरून उभी राहिली, आणि त्याच घोगऱ्या आवाजात, पण आता अगदी खालच्या, म्हणाली, ‘इकत घेतलंच न्हाईस की गं माझ्याकडनं.’

तो आवाज आज सकाळी बेळगावच्या कॅम्पातल्या एका भाड्याच्या घराच्या मोरीत शालनला पुन्हा ऐकू आला. ती पाटावर पाय पसरून बसली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पायांच्या पन्हळीत सावमा पालथा. तेलानं त्याची पाठ नुकत्याच सोललेल्या बदामासारखी दिसत होती. दाराशी पंचा घेऊन रिनपुई उभी होती, त्याची आई. मिझोराममधनं मिशनच्या कामाला आलेलं जोडपं हे. त्यांचा देश तो नकाशात कुठल्या कुठं वर, डोंगरात, ढगांच्या शेजारी. रिनपुई मराठी शिकली ती बरीचशी शालनच्या तोंडची, त्यामुळं तीही न्हाय आणि लई म्हणायची, फक्त प्रत्येक शब्द तिच्या गळ्यात एकदा वर चढायचा नि एकदा खाली उतरायचा, घाटातल्या गाडीसारखा. त्याच चालीत ती म्हणाली की आक्का, मिशननं बोलावलं, आम्ही उद्याच्या संध्याकाळच्या गाडीनं जातो, आता परत येत न्हाय. शालनचा तांब्या हातातच राहिला. पाण्याची धार सावमाच्या मानेवरनं कानाकडं वळली तेव्हा तिला भान आलं आणि तिनं चटकन तळवा आडवा धरला. व्हय का, एवढंच म्हणाली. आणि पोराच्या पाठीवर हात ठेवून बसली. तळव्याखाली ते इवलंसं काळीज तुरूतुरू धावत होतं. हे असं धावत इथनं जाणार. घाट उतरणार, नद्या ओलांडणार, जिथली भाषा कानाला कळत नाही त्या गावाला जाणार. आणि जाणार ते शालनच्या नावावर. कुणाला ठाऊक नाही, त्याच्या आईला नाही, बापाला नाही. पण ज्या एकीला ठाऊक असायला हवं तिला पक्कं ठाऊक आहे की हे पोर शालनचं आहे, आणि अजून कुणी ते तिच्याकडनं विकत घेतलेलं नाही.

ती या घरी कामाला आली तेव्हा सावमा पोटात होता. कॅम्पातल्या चर्चच्या मागच्या गल्लीत, जुन्या बंगल्याच्या आवारात दोन खोल्यांचं हे घर. एका खोलीत गिटार आणि पुस्तकं, दुसरीत पाळणा नाहीच, जमिनीवर गादी. बाप, त्याचं नाव रिनमाविया, पण गल्ली त्याला पास्टरसाहेब म्हणायची, मोटारसायकलवर खानापूरच्या बाजूला, कधी निपाणीकडं जायचा, कुठं पोरांची शिकवणी घ्यायचा, कुठं कुणाच्या ओसरीवर चार माणसं जमवून गाणी म्हणायचा, आणि परत आला की बूट बाहेर काढून स्वतः भांडी घासायचा. शालननं हे नवऱ्याला सांगितलं तेव्हा भरमू म्हणाला होता की असला धर्म असंल तर तू लगेच जा बघ, मी काय अडवत न्हाय. भरमूची रिक्षा होती आणि जिभेला ब्रेक नव्हता. हे लोक भाजीपाला नुसता उकडायचे, ना फोडणी ना तिखट, आणि त्या उकडलेल्या पाल्याला म्हणायचे ‘बाई’. आज काय केलंय वैनी, तर म्हणे बाई. शालन पदर तोंडात कोंबून हसायची आणि रिनपुईला कारण कळलं तेव्हा तीही चुलीपाशी खाली बसून हसली होती. पोर झालं तसं रिनपुईनं गावाकडनं आणलेलं काळं-तांबडं विणलेलं वस्त्र काढलं, ‘पुआन’ म्हणतात ते त्याला, आणि पोराला पाठीवर बांधून घर झाडायला लागली. शालनच्या काळजाचं पाणी. पोर कसं कडेवर घ्यावं, डोळ्यासमोर असावं; पाठीवर काय चाललंय हे आईला कसं दिसणार? पाठीमागनं काहीही येऊ शकतं. पण सावमा तिथं मान टाकून गाढ झोपायचा, आणि शालन त्यांच्या मागनं मागनं हिंडायची, हातात फडकं असल्याचं निमित्त करून.

एक गोष्ट मात्र तिला सुरुवातीपासनं खटकत होती. रिनपुईचा फोन वाजला, गावाकडचं कुणी बोललं की पलीकडनं पहिली हाक यायची, ‘मोयी-नू.’ प्रत्येक वेळी. आणि प्रत्येक वेळी रिनपुई क्षणभर थांबून मग ओ द्यायची. शालननं एकदा शेंगा फोडता फोडता विचारलंच, की वैनी, तुमचं नाव रिनपुई, मग ही मोयीनू कोण? रिनपुईनं सांगितलं ते तिच्या तुटक मराठीत, शेंगेवरनं नजर न काढता. आमच्यात बाईला तिच्या पहिल्या पोराच्या नावानं बोलावतात. नू म्हणजे आई. मोयी पहिली. चार महिने होती. झोपली, उठली न्हाय. शालनला वाटलं की अगं बाई, हे तर आपल्यासारखंच, आपणही म्हणतोच की अमक्याची आई, तमक्याची आई. पण आपल्याकडं पोर गेलं की ते नाव घ्यायचं टाळतात. यांच्याकडं मेलेलं लेकरू रोज फोनमधनं हाक मारतंय. मग ती म्हणाली, आता सावमा-नू म्हणायला सांगा की त्यास्नी. त्यावर रिनपुईनं एकदम मान वर केली, आणि त्या गोऱ्या, सपाट, नेहमी हसऱ्या चेहऱ्यावर शालनला आपल्या आईची ती पाठ दिसली, कापरं भरलेली. ‘नको,’ रिनपुई म्हणाली. ‘मीच नको बोलले. एक वर्ष होऊ दे. आत्ता बोलायचं न्हाय.’ आणि मग घाईनं, जणू आपण काहीतरी अधर्माचं बोललो, असं काही न्हाय, देव आहे, असं पुटपुटत ती शेंगांची टरफलं गोळा करायला लागली. शालन शेंगा फोडत राहिली. देव असतोच. देव नाही असं कोण म्हणतंय? पण देव मोठा, त्याचं दार मोठं, आणि ही दुसरी जी असते ती उंबऱ्याच्या फटीतनंच येते.

दुसऱ्याच दिवशी तिनं सावमाच्या पायात काळा दोरा बांधला. पास्टरसाहेबांच्या तो लगेच नजरेला पडला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. माणूस रागावला की त्याच्याशी भांडता येतं. त्यांनी तो दोरा हळूच सोडवला, पोराला जराही न दुखवता, त्याची घडी केली, शालनच्या हातात दिली आणि हिंदीत म्हणाले की आक्का, आपका प्यार बहुत है, इसकी ज़रूरत नहीं. वर नमस्कारासारखे हात जोडले. तो दोरा अजून तिच्या घरी मीठ-मोहरीच्या डब्यात आहे. तेव्हाच तिला कळून चुकलं की या घरात मागून काही मिळायचं नाही. इथं प्रेमानं नाही म्हणतात.

आणि मग सावमाला चौथा महिना लागला. एका दुपारी तो दूध पिता पिता निळा पडला, डोळे वर गेले, हातपाय ताठ. रिनपुईच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याच भाषेतला नव्हता. भरमूच्या रिक्षातनं दवाखाना गाठला. भरमूनं त्या दिवशी एकही विनोद केला नाही. सुया, नळ्या, काचेपलीकडची पेटी. पास्टरसाहेब भिंतीला कपाळ लावून प्रार्थना करत होते, रिनपुई काचेला नाक लावून श्वास मोजत होती, आणि शालन जिन्यावर बसून तोंडातल्या तोंडात आजीची ओवी म्हणत होती, जी तिला वाटलं होतं आपण विसरलो:

मूठभर कोंड्यासाठी बाळ माझा झाला केर,
केराला कोण पुसं, चुको मरणाचा फेर.

पोर वाचलं. डॉक्टरीण म्हणाली वेळेवर आणलंत; पास्टरसाहेब म्हणाले प्रभूनं ऐकलं; शालनला मात्र दिसत होतं की ती फटीतली नुसती उंबऱ्यापर्यंत येऊन गेलीय. पत्ता बघून गेलीय. आता पुन्हा येईल.

घरी आणल्यावर रिनपुई जागरणानं मेल्यागत झोपली. बाहेरच्या खोलीत चार माणसं आलेली, पास्टरसाहेबांचं गाणं हलक्या आवाजात चाललेलं. शालननं मागच्या दारानं पोर काढलं. आवाराच्या मागं गवळ्याचा गोठा होता, गोठ्यामागं शेणाचा आणि गल्लीतल्या केराचा ढीग. सूप तिनं सकाळीच आणून गोठ्याच्या कुडाला टेकवून ठेवलं होतं, पदराच्या गाठीला कोंडा. म्हणजे हे तिनं एकदम केलं नव्हतं. ठरवून केलं होतं. फक्त एक गोष्ट तिला जमवता आली नव्हती: या रितीला दोघी लागतात. एक टाकणारी, एक उचलणारी. गल्लीतल्या कुणाला सांगावं तर सांज व्हायच्या आत तुरकट्याचं मुसळ होऊन ते पास्टरसाहेबांच्या कानी जाणार. मग तिनं स्वतःशीच ठरवलं की टाकणारीही आपणच, उचलणारीही आपणच. सूप खाली ठेवलं. कोंड्यावर पोर ठेवलं. सावमा जागा होता, शांत, दवाखान्याच्या पट्टीचा चिकटपणा अजून हातावर असलेला, आणि तो आभाळाकडं बघत होता. तिनं पाठ फिरवली. आणि त्या क्षणी तिला आईची भीती कळली, जी इतकी वर्षं ती दाराआडनं नुसती बघत आली होती. पाठीला डोळे फुटावेत असं वाटणं. मानेवरचा एकेक केस उभा राहणं. कावळ्याचं ओरडणं ऐकू येत होतं. तो कावळा कुठल्या दिशेला आहे ते ठरवता येत नव्हतं. ती गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत गेली. आता तिथनं वळायचं, दुसरीच कुणी असल्यासारखं यायचं आणि मालुबाईसारखं ओरडून विचारायचं. तिनं तोंड उघडलं तर आवाजच फुटेना.

तेवढ्यात मोटारसायकल थांबली. महिन्याभरापासनं काही पोरं फाटकासमोर येऊन उभी राहायची, ही माणसं कोण, कुठली, गाणी कसली म्हणतात, विचारायची, त्यांच्यातलाच एक. पाय टेकवून तो ढिगाकडं बघत म्हणाला, ‘ओ मावशी, कुणाचं पोर हो हे, असं टाकलंय?’

शब्द तेच. शालनच्या पायाखालची जमीन हलली, ती निपाणीची झाली. आणि तिनं विचार केला नाही, तिच्या आत जे कुणी होतं ते बोललं, ‘माझं हाय.’ तो हसला, म्हणाला या वयात? आणि नाक तर नेपाळ्याचं दिसतंय. शालननं सूप उचलून छातीशी धरलं होतं तोवर. नाकाकडं बघून कोण पोर वळखतंय रं, म्हणाली, तुझ्या आईनं तुला काय नाक बघून ठेवून घेतलंय? तो वरमला की चिडला कोण जाणे, गाडीला लाथ मारून निघून गेला. ती मात्र तिथंच उभी. तिनं तर खोटंखोटंच विचारायचं ठरवलं होतं, स्वतःला स्वतःच. पण विचारलं एका जित्याजागत्या माणसानं, भर उन्हात, आणि तिनं उत्तर दिलं. फटीतनं ऐकणारीनं ऐकलं असणार. व्यवहार पुरा झाला होता. पोर शालनचं झालं होतं. आणि ‘माझं’ हा शब्द जिभेवर अजून होता, गुळाच्या खड्यासारखा, विरघळत नव्हता.

त्यानंतर सावमाला साधी शिंकही आली नाही. गाल वर आले, मांड्यांना वळ्या पडल्या, दोन दात लुकलुकायला लागले. दर रोज शालन ठरवायची की आज सांगायचं, आज मूठभर कोंडा मागून घ्यायचा आणि ज्याचं त्याला देऊन मोकळं व्हायचं. आणि दर रोज तिला तो घडी केलेला दोरा आठवायचा. सांगितलं आणि वैनी नको म्हणाल्या तर? प्रेमानं नको म्हणाल्या, हात जोडून, तर? न सांगता राहिलेलं पोर निदान लपलेलं तरी असतं. सांगूनही न घेतलेलं पोर म्हणजे शामू. म्हणून मी गप आहे, ती स्वतःला सांगायची. भीतीनं गप आहे. आणि मोरीचं दार लोटून घेऊन, अंगाला हात लावता लावता, पाण्याच्या आवाजाआड हळूच हाक मारायची, केरबा, ए केरबा. आणि तो त्या हाकेला वळून बघायला लागला होता.

आज सकाळी आंघोळ झाल्यावर तिनं एक लबाडी करून बघितली. पोराला पंच्यात गुंडाळलं, मांडीवर घेतलं, आणि सहज म्हटल्यासारखं म्हणाली की वैनी, अंगाला चोळायला मूठभर कोंडा द्या की जरा, तुमच्या हातानं. आत डबे वाजले. बराच वेळ वाजले. मग रिनपुई बाहेर आली ती ओट्सचा पुडा घेऊन, आणि वर चमचा. हे कोंडा? तिनं विचारलं, इतक्या भोळ्या काळजीनं की शालनला हसू आवरेना. हसता हसता डोळ्यांतनं पाणी आलं तरी थांबेना, आणि रिनपुई आधी हसली, मग गोंधळली, मग तिनं शालनच्या खांद्यावर हात ठेवला, रडू नको आक्का, फोन करीन, म्हणाली. शालननं पदरानं डोळे पुसले. तिला कळलं होतं. चमचा असता की मूठ असती, ओट्स की कोंडा, काही उपयोग नव्हता. घेताना फसवलं तर चालतं. ती सगळी रीतच फसवायची आहे. देताना फसवून चालत नाही. विकत घेणाऱ्याला ठाऊक पाहिजे की तो काय विकत घेतोय.

भरमूला तिनं सगळं पहिल्यांदाच सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी. तो बशीत चहा ओतायचा थांबला. मग फुंकर घालत म्हणाला, काय बोलू नको. गाव सुटलं की समदं सुटलं. ती माणसं इथली पोरं फाटकाशी उभी राहतात म्हणून आदीच भ्यालेली हायेत, म्हणून तर चाललीत. त्यात तू त्येंच्या लेकराला उकिरडा दाखवलास म्हणून सांग, म्हणजे झालंच. जादूटोणा म्हणतील. आणि तुझं तिथं आईसारखं नाव हाय ते घालवून बसशील. शालन म्हणाली, आणि त्याला काय झालं म्हणजे? भरमूनं बशी खाली ठेवली. त्याचा विनोद तयार होता, तो तिला दिसला ओठांवर आलेला, पण त्यानं तो गिळला. ‘तू खरंच त्याच्यापायी भ्यालीयास का गं?’ एवढंच त्यानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता रिक्षा पुसायला बाहेर गेला.

दुपारभर ती त्या प्रश्नाभोवती हिंडत होती. घर रिकामं होत होतं. गिटार खोक्यात गेली, भांडी गल्लीत वाटली गेली, भिंतीवरचा क्रूस काढला तिथं एक पांढरी खूण राहिली. पोरगं रिकाम्या जमिनीवर रांगत फिरत होतं, प्रत्येक कोपऱ्यात जाऊन परत शालनच्या पायाशी येत होतं, लुगड्याला धरून उभं राहू पाहत होतं. ती त्याला उचलत नव्हती. उचललं तर खाली ठेवता येईल की नाही याची खात्री नव्हती. तिला वाटत होतं की या घरात आता सगळ्या गोष्टींना बूड उरलं नाही. तीही खिळा उपटलेल्या तसबिरीसारखी कुठंही टेकून ठेवली जाईल. पदराला तिनं घरनं आणलेल्या कोंड्याची गाठ होती. दर थोड्या वेळानं ती गाठ चाचपत होती आणि दर वेळी वाटत होतं की जरा थांबू, अजून गाडीला अवकाश आहे. तिला मालुबाई आठवली. आतापर्यंत तिनं तिला नेहमी आईच्या बाजूनं बघितलं होतं, चौकटीला धरून उभी असलेली कजाग बाई. आज पहिल्यांदा तिला प्रश्न पडला की भांडण तर मोरीच्या पाण्याचं होतं. कोंड्यासाठी मालुबाई कधी स्वतः आली का नाही? एकदा दारात येऊन नुसतं टाक गं पदरात म्हणाली असती तर आईनं टाकला असता, भांडणासकट टाकला असता. मालुबाईला पोर नव्हतं. गल्लीतनं केरबा दाणदाण पळत जायचा तेव्हा ती वखारीतनं येता येता थांबायची. त्याला गूळ द्यायची. त्याच्या पाठीकडं बघत राहायची. कसं बघायची ते शालनला आता, इतक्या वर्षांनी, अगदी स्पष्ट दिसलं.

बाहेर भरमूनं हॉर्न वाजवला. पास्टरसाहेब पेट्या घेऊन फाटकापर्यंत गेले. रिनपुईनं सावमाला पाठीवर घेतलं, कमरेत वाकून पुआन भोवती ओढलं, छातीवर गाठ मारली. पोराचं तोंड तिच्या खांद्यावर टेकलं, डोळे पेंगुळलेले. तिच्या पाठीवर, जिथं तिला दिसत नाही तिथं. मग ती शालनकडं वळली, दोन्ही हात पुढं करून, आपल्या भाषेत ‘कलॉम ए’ म्हणाली, रोज म्हणायची ते, आभार. तिचे पुढं आलेले हात उघडे होते. शालननं पदराची गाठ सोडली आणि सगळा कोंडा त्या ओंजळीत ओतला.

रिनपुई त्याच्याकडं बघत राहिली. हे काय, आक्का?

‘सावमा-नू,’ शालन म्हणाली.

रिनपुईच्या तोंडावरचा रंग उडाला. त्या नावानं तिला अजून कुणीही हाक मारली नव्हती. भीतीनं तिनं ओ दिली नाही. शालननं पदर पसरला. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं की बाई बक्षिशी मागतेय.

‘दवाखान्यातनं आणलं त्या दिवशी तुमी निजला व्हता. मी ह्याला नेऊन उकिरड्यावर टाकला. त्याला काय हू नये म्हणून. फेकलेलं कुणी नेत न्हाय, म्हणून. आन् मीच उचलला. कुणाचं पोर म्हणून इचारलं एकानं, मी म्हणले माझं हाय. तवापासनं ते माझ्या नावावर हाय, वैनी. मूठभर कोंडा देऊन इकत घ्यायचं असतंय आईनं. माझ्या आईनं घेतलं न्हाय, माझा भाऊ गेला.’

हॉर्न पुन्हा वाजला. दारातनं वारा आला आणि ओंजळीतला कोंडा उडायला लागला. रिनपुईची बोटं आपोआप मिटली. तिला किती कळलं होतं कोण जाणे. पण तिनं मूठ घट्ट धरली होती, आणि दुसरा हात मागं, पाठीवर, पोराच्या पायाला गेला होता.

‘मला वाटायचं मी भ्याले म्हणून गप ऱ्हायले,’ शालन म्हणाली. ‘तसं न्हवतं. मला द्यायचं न्हवतं. आजबी न्हाय. टाका तेवढी मूठ माझ्या पदरात, आन् घेऊन जावा.’